लॅपटॉपचा भाटकार कोण?

गेल्या अंकात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली होती की जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी एकदा लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, टाकून बघा. त्या एका ओळीचं फळ आता भोगतोय. पत्रं आली, व्हॉट्सॅप आले, एकाने तर फोंड्याच्या बाजारात मी भाजी घेत असताना गाठलं, हातात लॅपटॉपची पिशवी घेऊनच. बहुतेकांची रड एकच, लिनक्स टाकायला गेलो तर लॅपटॉप त्याला आत घेईना. म्हणून या वेळी प्रिंटर आणि वायफायवाल्यांनी जरा थांबा, सगळा रकाना याच विषयाला.

प्रश्न: माझा २०१६ चा लॅपटॉप आहे, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. विंडोज ११ याला चालणार नाही असं तोच सांगतो. पुतण्याने लॉकडाउनच्या आधी कधीतरी लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह करून दिला होता तो काढून लावला तर लाल चौकट येते, 'सिक्युअर बूट व्हायोलेशन, इनव्हॅलिड सिग्नेचर', आणि ओके दाबलं की परत विंडोज. मी जत्रेतली नाटकं लिहितो, मला मराठी टायपिंग आणि इंटरनेट एवढंच हवं. लॅपटॉप बिघडला का? — एक नाट्यलेखक, डिचोली

लॅपटॉप ठणठणीत आहे. पेन ड्राइव्ह शिळा झालाय.

आता हे जरा सावकाश सांगतो, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांना हेच लागणार आहे. लॅपटॉपचं बटण दाबलं की विंडोज लगेच येत नाही, आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला पूर्वी बायोस म्हणायचे, आता खरं नाव यूईएफआय आहे पण लोक बायोसच म्हणतात, मीही तेच म्हणणार. हा बायोस ठरवतो की पुढे कुणाला आत सोडायचं. सिक्युअर बूट चालू असेल तर तो नुसता सोडत नाही, सही तपासतो. त्याच्याकडे दोन याद्या असतात, एक चालणाऱ्या सह्यांची आणि एक बाद केलेल्यांची. बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपमध्ये पहिल्या यादीत मायक्रोसॉफ्टची सही असतेच.

मग लिनक्स कसं चालतं? तर लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाचा एक अगदी छोटा प्रोग्रॅम केला, त्यावर मायक्रोसॉफ्टकडून सही घेतली, आणि तो शिम पुढे आपल्याच लिनक्सची सही तपासतो. म्हणजे दारावरच्या माणसाला ओळखीचा एकच चेहरा दाखवायचा आणि त्याच्या मागून बाकी बिऱ्हाड आत. लिनक्सचे प्रकार बरेच, मिंट, उबंटू, फेडोरा, डेबियन; त्यातल्या जानेवारी २०१३ च्या फेडोरा १८ मध्ये हा शिम होता, डेबियनला मात्र २०१९ उजाडलं.

तुमच्या पेन ड्राइव्हचं काय झालं ते बहुधा असं. जुलै २०२० मध्ये ग्रब नावाच्या लिनक्सच्या बूटलोडरमध्ये, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मोठं भोक सापडलं, त्याला बूटहोल म्हणतात. ते वापरून कुणीही सहीवाल्या ग्रबच्या आडून हवं ते आत घुसवू शकत होता, म्हणून त्याच्या जुन्या आवृत्त्या बाद यादीत गेल्या. आणि ती बाद यादी विंडोज अपडेटमधून गुपचूप तुमच्या बायोसमध्ये येऊन बसते. म्हणजे पुतण्याने केला तेव्हा तो पेन ड्राइव्ह चालला असता, आज नाही चालत, आणि मधल्या काळात तुम्ही काहीच केलेलं नाही. तुम्हाला न विचारता यादी बदलली. चांगल्या कारणासाठी बदलली, पण न विचारता.

तर पहिला उपाय, सिक्युअर बूटला हातच लावू नका. मिंटच्या साइटवरून आजची नवी फाइल उतरवा, साधारण ३ जीबीच्या आसपास आहे, ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस नाहीतर एचर या प्रोग्रॅमने लिहा आणि परत लावून बघा. दहातल्या सात-आठ वेळा इथेच काम होतं, हा माझा अंदाज आहे, कुणी मोजलेलं नाही. पुतण्याने परत व्हेन्टॉय नावाचा प्रोग्रॅम वापरून पेन ड्राइव्ह केला तर पहिल्यांदा निळी स्क्रीन येऊन 'व्हेरिफिकेशन फेल्ड' म्हणेल, घाबरू नका, तिथेच 'एनरोल की फ्रॉम डिस्क' करून त्याची सही एकदा नोंदवायची असते.

तरीही लाल चौकट आली तर मग बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायचं. पण त्याआधी एक काम, आणि हे जाड ठशात छापा असं मी संपादकांना सांगितलंय: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे अख्ख्या डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. चालू असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर तुमची सगळी नाटकं डिस्कवर असूनही तुम्हाला मिळणार नाहीत. की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते, ती आधी कागदावर उतरवून घ्या. फोनमध्ये फोटो नको, कागदावर.

बायोसमध्ये शिरायचं बटण कंपनीप्रमाणे बदलतं, एफ टू, एफ टेन, डिलीट, एस्केप, सुरू होताना टकटक करत राहायचं. आत 'सिक्युरिटी' किंवा 'बूट' खाली पर्याय दिसेल. आणि इथे एक गंमत सांगतो जिच्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. भाचीच्या लॅपटॉपवर तो पर्याय दिसत होता पण करडा, बाण तिथे जायचाच नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, तिकडचा मुलगा म्हणाला सर या मॉडेलला ते अलाऊड नाही. मी मुकाट्याने फोन ठेवला. नंतर कळलं की बायोसचा सुपरवायझर पासवर्ड आधी ठेवावा लागतो, मग करडा पर्याय काळा होतो, आपलं काम करायचं, आणि पासवर्ड परत काढून टाकायचा. अलाऊड होतं, फक्त कुणी सांगत नव्हतं. तुमच्याकडेही पर्याय करडा असेल तर हे आधी करून बघा. पासवर्ड काढायला मात्र विसरू नका, का ते सगळ्यात शेवटच्या उत्तरात आहे.

तुमच्या मराठीबद्दल एक. लिनक्समध्ये युनिकोड मराठी उत्तम चालतं, इनस्क्रिप्ट पण आणि इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायचं ते पण. मंगल फॉन्ट नसतो, त्याऐवजी लोहित नाहीतर नोटो, दिसायला मला तर बरेच वाटतात. पण तुमची जुनी नाटकं श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली असतील तर ती लिनक्समध्ये उघडल्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसेल. ती विंडोज असेपर्यंत कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, मग उडी मारा. जत्रेच्या आठ दिवस आधी हे प्रयोग करू नका, एवढं माझं ऐका.

प्रश्न: मी फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रश्न तांत्रिक नाही. कंप्युटर मी विकत घेतला, पैसे माझ्या बाबांनी भरले, मग त्यात काय चालणार हे अमेरिकेतली एक कंपनी का ठरवते? ही सरळ सरळ मोनोपॉली नाही का? — एक विद्यार्थी

थोडी आहे, थोडी नाही, आणि कुठे आहे ते नीट बघितलं पाहिजे नाहीतर आपण चुकीच्या माणसावर ओरडत बसतो.

सिक्युअर बूट आलं २०११ च्या यूईएफआयच्या नियमावलीत आणि घरोघरी पोचलं ते विंडोज ८ बरोबर, ऑक्टोबर २०१२ मध्ये. ज्या कंप्युटरवर 'विंडोज ८ साठी' असं स्टिकर लावायचं त्यात सिक्युअर बूट चालू असलंच पाहिजे अशी मायक्रोसॉफ्टची अट होती. लोक तेव्हाच ओरडले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०११ मध्येच सह्यांची मोहीम काढली आणि म्हणाले, मालकाला बंद करता येत असेल आणि स्वतःच्या सह्या घालता येत असतील तर याला सिक्युअर बूट म्हणा, येत नसतील तर रिस्ट्रिक्टेड बूट म्हणा. मला हा फरक अजून बरोबर वाटतो. २०१३ मध्ये स्पेनमधल्या लिनक्सवाल्यांच्या हिस्पालिनक्स या संघटनेने युरोपियन कमिशनकडे तक्रारही केली होती.

ओरडण्याचा उपयोग झाला का? साध्या इंटेल-एएमडीच्या कंप्युटरवर झाला म्हणायला हवं. विंडोज ८ च्या अटीतच लिहिलं गेलं की वापरणाऱ्याला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे आणि स्वतःच्या सह्याही ठेवता आल्या पाहिजेत. आणि त्याच कागदावर, एआरएम चिपच्या विंडोज आरटी टॅबलेटसाठी बरोब्बर उलटं, बंद करता येताच कामा नये. एकच कंपनी, एकच तंत्र, एकीकडे दार आणि दुसरीकडे भिंत. ते आरटी टॅबलेट आज कुणाकडे असतील तर नवीन काही टाकायचं म्हटलं की आडवाटेने जावं लागतं.

मग २०१५ मध्ये विंडोज १० आला आणि ती अट सैल झाली. बंद करण्याची सोय द्यायची की नाही ते कंपनीने ठरवावं. बहुतेकांनी ठेवली. पण 'दिलीच पाहिजे' वरून 'वाटलं तर द्या' वर गाडी आली आणि मला खटकतं ते हे.

तू फर्मागुडीचा आहेस म्हणजे तुझ्या आजी-आजोबांना विचार मुंडकार म्हणजे काय. माझे आजोबा मुंडकार होते. घर त्यांचं, स्वतःच्या हातांनी बांधलेलं, पण खालचं भाट, म्हणजे जमीन, भाटकाराची. छप्पर शाकारायचं तर विचारायचं, पडवी वाढवायची तर विचारायचं. आणि आमचा भाटकार खरोखर चांगला माणूस होता, कधी नाही म्हणाला नाही, चवथीला नारळही पाठवायचा. पण तो नाही म्हणाला असता तर आजोबा काय करणार होते? काही नाही. १९७५ मध्ये मुंडकार कायदा झाला, घरातून हुसकावता येणार नाही आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला, तेव्हा भाटकार चांगला की वाईट हा प्रश्नच उरला नाही. आज तुझ्या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट बंद करायचा पर्याय आहे तो भाटकाराच्या चांगुलपणावर आहे. आहे हे खरं, मी नाकारत नाही. पण कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. आपल्याकडे ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात सुटे भाग, मॅन्युअल, सर्व्हिस सेंटर वगैरे आहे, चांगलंच आहे, पण विकत घेतलेल्या यंत्राचं बूट मालकाच्या हातात असावं ही गोष्ट दुरुस्तीत मोडते असं अजून कुणी म्हणताना मला दिसत नाही. तुम्ही पोरांनी म्हणा.

अजून एक, तुझ्या अभ्यासासाठी. हे भांडण विंडोजचं नाहीच मुळात. टिव्हो नावाचा टीव्ही रेकॉर्डर होता अमेरिकेत, तो लिनक्सवरच चालायचा, सोर्स कोडही द्यायचे, पण तो बदलून परत घातला की यंत्र चालायचं नाही कारण सही जुळायची नाही. म्हणून जीपीएल या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत याविरुद्ध कलम आलं. आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स, त्याने लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे गाभ्याला, ती आवृत्ती घेतली नाही, दुसरीवरच ठेवली, त्याचं म्हणणं हार्डवेअर बनवणाऱ्याने काय करावं हे मी सॉफ्टवेअरच्या लायसन्समधून सांगणार नाही. म्हणजे लिनक्सवाल्यांतही यावर एकमत नाही. हॉस्टेलवर रात्री वाद घालायला याच्याइतका छान विषय मिळणार नाही.

प्रश्न: तुमचा रकाना नेमाने वाचतो. पण आपण लोकांना सुरक्षा काढून टाकायला शिकवताय असं वाटतं. मी बँकेत ३२ वर्षं काढली. कुलूप आहे ते चोरासाठी आहे, मालकाला त्रास होतो म्हणून कुलूप काढतात का? — एक निवृत्त अधिकारी, मडगाव

साहेब, तुमचं अर्धं म्हणणं मी मानतो. बूटच्या वेळी आत शिरलेला व्हायरस सगळ्यात वाईट, कारण तो अँटीव्हायरसच्या आधी उठतो आणि मग अँटीव्हायरसला जे दाखवायचं तेच दाखवतो. अशा चोरांसाठी सिक्युअर बूट आहे आणि उपयोगी आहे. मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर ते चालू ठेवतो, लिनक्स असूनही. वरच्या उत्तरातही पहिला उपाय हात न लावण्याचाच दिलाय बघा.

पण कुलपाबद्दल एवढी श्रद्धा नको. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस नावाचा व्हायरस सापडला, तो अपडेट केलेल्या विंडोज ११ वर सिक्युअर बूट चालू असताना आत शिरत होता. आणि जुलै २०२४ मधला प्रकार तर बँकवाल्यांनी वाचावाच. बायनार्ली या कंपनीच्या लोकांनी शोधून काढलं की दोनशेहून जास्त मॉडेलच्या कंप्युटरमध्ये जी मूळ चावी असते ती कारखान्यातली नमुन्याची चावी होती, बदलायचीच राहिली, आणि तिच्या नावातच लिहिलं होतं 'डू नॉट ट्रस्ट'. त्या चावीची खासगी बाजू इंटरनेटवर फुटलेली होती. तिजोरीवर 'हे कुलूप वापरू नका' असं लेबल आणि तीच तिजोरी शाखेशाखेत पाठवलेली, असं समजा.

माझा मुद्दा कुलूप काढा असा नाहीच. लॉकर घेतला की एक चावी बँकेकडे आणि एक आपल्याकडे असते ना, नुसत्या बँकेच्या चावीने लॉकर उघडत असता तर तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगितलं असतं घेऊ नका. बऱ्याच बायोसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सह्या काढून फक्त स्वतःची सही ठेवायचीही सोय आहे. ते सगळ्यांचं काम नाही, चुकलं तर ग्राफिक्स कार्डसुद्धा रुसतं कारण त्याच्या फर्मवेअरवरही मायक्रोसॉफ्टचीच सही असते, पण ज्याला करायचंय त्याला करता यावं.

प्रश्न: विंडोज आणि उबंटू दोन्ही एकाच लॅपटॉपवर सुखाने नांदत होते. मागे एका विंडोज अपडेटनंतर उबंटू उघडेना, 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असं काहीतरी येऊन लॅपटॉप बंदच. तेव्हापासून विंडोजच वापरतो. — एक वाचक, वास्को

ते ऑगस्ट २०२४ चं अपडेट. जुने धोकादायक बूटलोडर अडवायला केलेलं, दोन सिस्टीम असलेल्या कंप्युटरला लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं, पण लागू झालं आणि जगभर बोंब झाली. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबंटू उघडेल, टर्मिनलमध्ये मोकयुटिल नावाच्या प्रोग्रॅमने एसबॅटची, म्हणजे बाद बूटलोडरांच्या यादीची, पॉलिसी डिलीट करायची एका ओळीची कमांड आहे ती उबंटूच्या मदतीच्या पानांवर मिळेल, मग उबंटू पूर्ण अपडेट करून सिक्युअर बूट परत चालू. तुमचं लिनक्स आतच आहे, गेलं नाही.

जाता जाता एक, मायक्रोसॉफ्टची ज्या २०११ च्या सर्टिफिकेटने लिनक्सच्या शिमवर सही असायची त्याची मुदत जून २०२६ पर्यंतच, पुढच्या सह्या २०२३ च्या सर्टिफिकेटने. त्या तारखेला कुणाचा लॅपटॉप बंद पडत नाही, कारण बायोस सहसा तारीख बघत नाही. पण नवं सर्टिफिकेट ज्या बायोसमध्ये नाही तिथे पुढे येणारे नवे पेन ड्राइव्ह अडतील. म्हणून कंपनीने बायोस अपडेट दिला असेल तर घेऊन ठेवा. आणि हे काम पावसाळ्यात, वीज लपंडाव खेळत असताना करू नका, बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही. अर्ध्या अपडेटवर वीज गेली तर लॅपटॉपचा पाट होतो, बसायचा.

प्रश्न: माझ्या मोबाइलला कंपनीने अपडेट द्यायचं बंद केलं. फोन उत्तम चालतो. मुलगा म्हणतो लिनिएज ओएस नावाचं दुसरं अँड्रॉइड टाकूया. टाकू का? बँकेचं ॲप आणि यूपीआय त्यावरच आहे. — एक गृहिणी, म्हापसा

ताई, यूपीआय त्याच फोनवर असेल तर नको. लॅपटॉपपेक्षा मोबाइलमध्ये हे प्रकरण जास्त जाचक आहे. आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो, त्यात फोनवरचं सगळं पुसलं जातं, फोटोंसकट. काही कंपन्या अनलॉकच देत नाहीत, हुवावेने २०१८ मध्ये कोड देणं बंद केलं, शाओमीत अर्ज करून थांबायला लावतात. सॅमसंगमध्ये तर एकदा अनलॉक करून दुसरं काही टाकलं की आतला एक फ्यूज कायमचा उडतो, परत मूळ सिस्टीम टाकली तरी नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षेवाल्या सोयी परत येत नाहीत. आणि एवढं करून बँकेचं ॲप गूगलला विचारतं की हा फोन कंपनीने दिला तसाच आहे का, गूगल म्हणतं नाही, ॲप बंद.

गंमत म्हणजे अपडेट न मिळणारा, भोकं पडलेला जुना अँड्रॉइड त्या तपासणीत बहुतेक वेळा पास होतो आणि ताजे सिक्युरिटी पॅच असलेला लिनिएज नापास. याला सुरक्षा म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पिक्सेल फोनवर मात्र अनलॉक करून, दुसरी सिस्टीम टाकून, तिच्या सहीने परत लॉक करता येतं. म्हणजे मनात असेल तर जमतं.

मुलाला हौस असेल तर बँक नव्या फोनवर न्या आणि हा जुना त्याला खेळायला द्या. शिकेल.

प्रश्न: लिनक्स टाकलं तर वॉरंटी जाते असं दुकानदार म्हणतो. — एक वाचक, साखळी

हार्डवेअरची वॉरंटी स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरीची असते, लिनक्स टाकल्याने बिजागरी तुटत नाही. वॉरंटीचा कागद वाचा, त्यात तसं लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला म्हणा हे तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. सहसा विषय तिथेच संपतो. नाही संपला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुरुस्तीला देताना मात्र विंडोज परत टाकून द्या, हक्क म्हणून नाही, काउंटरवरच्या पोराशी हुज्जत वाचते म्हणून.

प्रश्न: आमच्या शाळेला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने त्यांचे जुने आठ डेस्कटॉप दिले. लिनक्स टाकायचं ठरवलं पण बायोसमध्ये जाताना पासवर्ड मागतात आणि पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत. शाळेत माझ्याशिवाय यातलं कुणाला कळत नाही, आणि मलाही फारसं कळत नाही. — एक शिक्षिका, पेडणे

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गोव्यातल्या शाळांना परदेशातून वापरलेले कंप्युटर यायचे आणि लायसन्सचे पैसे नकोत म्हणून त्यांवर लिनक्सच चालवलं जायचं, तेव्हा बायोस उघडाच असायचा, सीडी घातली की काम सुरू. आता दान आलेल्या यंत्रालाही आधी मालक बदलल्याचं पटवावं लागतं.

यात सिक्युअर बूटचा दोष नाही, हा हॉटेलच्या कंप्युटरवाल्याने घातलेला पासवर्ड आहे, पेन ड्राइव्ह लावून कुणी डेटा नेऊ नये म्हणून. ऑफिसात ते बरोबरच. देताना काढायला विसरले. साध्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, वीज पूर्ण काढून तो काढला आणि थोड्या वेळाने घातला तर जुन्या मशीनमध्ये पासवर्ड जातो. काहींना त्यासाठी मदरबोर्डवर वेगळा जंपर असतो, मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल शोधा, चित्रासकट असतं. ऑफिससाठी बनवलेल्या नव्या मशीनमध्ये मात्र पासवर्ड दुसऱ्या चिपमध्ये असतो, सेल काढून काही होत नाही. लॅपटॉप असते तर मी सरळ परत करा म्हणालो असतो.

सेल काढलाच तर आठही मशीनमध्ये नवेच घाला, स्वस्त असतात. जुना सेल मेलेला असला की रोज सकाळी तारीख मागे जाते, बायोसच्या सेटिंगा आपोआप मूळपदावर येतात आणि तुम्ही बंद केलेलं सिक्युअर बूट परत चालू, मग मुलं म्हणणार बाई काल चालत होता.

पण स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी हॉटेलला एक फोन करा आणि त्यांच्या कंप्युटरवाल्याला विचारा. तो नोकरी सोडून गेला असेल तर हॉटेलचं नाव आणि पुढे वन टू थ्री टाकून बघा.